पहिले नग सेटिंगला जातात

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट, १३ ऑक्टोबर २०२४, रविवार. ठाण्यात, चरईतल्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीत नऊ माणसं टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसली होती. दारावरचं झेंडूचं तोरण सुकायला लागलं होतं आणि टीव्हीखालच्या फळीवर आदल्या दिवशी मिळालेल्या आपट्याच्या पानांचा ढीग तसाच पडून होता. सहाला पाच कमी असताना टेक्सासच्या किनाऱ्यावर, तिथल्या सकाळी, स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप या महाकाय रॉकेटचं पाचवं चाचणी उड्डाण सुरू झालं. ३३ इंजिनं एकदम पेटली. थोड्याच वेळात खालचा टप्पा, म्हणजे सुपर हेवी बूस्टर, वरच्या यानापासून सुटला, वळला आणि घरी निघाला. ७१ मीटर उंच आणि ९ मीटर रुंद. घोडबंदर रोडवरचा तेवीस मजली टॉवर डोळ्यांसमोर आणा. तेवढं धूड आभाळातून सरळ खाली येत होतं. जमीन जवळ आल्यावर आधी १३ आणि मग ३ इंजिनं पुन्हा पेटली, जिथून उडाला त्याच मनोऱ्याकडे बूस्टर किंचित तिरका होत सरकला आणि मनोऱ्याचे दोन पोलादी हात मिटले. बुडाशी अजून जाळ दिसत होता, पण बूस्टर त्या हातांवर टेकून उभाच्या उभा राहिला होता.

आमच्यातला एक जण कॉलेजात असताना कबड्डी खेळायचा. तो ताडकन उठला आणि मैदानात ओरडावं तसा ओरडला, “पकड!” मग कुणी कुणाच्या पाठीवर थापा मारल्या, कुणाचे डोळे भरून आले. मी शाळेत विज्ञान शिकवते. नळकांड्याचं संतुलन, पडणाऱ्या वस्तूचा वेग, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर मांडलंय. पण त्या संध्याकाळी माझे हात थरथरत होते आणि ते लपवावंसं मला वाटलं नाही.

त्या खोलीत दोन प्रश्न विचारले गेले. पहिला माझ्या मामांनी. ते म्हणाले, “रॉकेट त्यांचं, पैसा त्यांचा, कंपनी त्यांची. तुम्ही पोरं कशाला नाचताय? आपलं काय त्यात?” दुसरा प्रश्न दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या तळमजल्यावरच्या काकांचा होता. वागळे इस्टेटमध्ये त्यांनी चौतीस वर्षं लेथ चालवली आहे. सगळं शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, “ह्याच्या आधी किती वेळा फसलं होतं हे?”

मामांच्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं आहे. ठाणेकरांना तर जास्तच सोपं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून इथेच येऊन थांबली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिनं विलायतेतून आलेली होती, कंपनीही विलायतेचीच. तरी ती बघायला माणसं लोटली, आणि त्या कंपनीच्या संचालकांत आपले नाना शंकरशेट होते. परक्याच्या यंत्राकडे डोळे भरून बघणं ही त्यात शिरण्याची पहिली पायरी असते. आणि हे रॉकेट आता तितकं परकंही राहिलेलं नाही. १९ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे त्या संध्याकाळनंतर पाच आठवड्यांनी, आपला ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ उपग्रह त्याच कंपनीच्या फाल्कन ९ नं फ्लोरिडातून वर नेला. आपलं सर्वांत ताकदवान रॉकेट एलव्हीएम३ अशा उपग्रहांच्या उंच कक्षेकडे चार टनांच्या आसपासच वजन नेऊ शकतं, म्हणून भाडं भरून दुसऱ्याचं रॉकेट घ्यावं लागलं. २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघाले तेही फाल्कन ९ वरूनच, आणि त्यांना वर पोचवणारा बूस्टर काही मिनिटांत जमिनीवर परत उतरला. आपलं काय त्यात, याचं उत्तर एवढं पुरे आहे.

काकांच्या प्रश्नाला मात्र मला वेळ लागला, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे.

मी त्यांना मोजून सांगितलं. २० एप्रिल २०२३ च्या पहिल्या उड्डाणात इंजिनं बंद पडत गेली, चार मिनिटांत सगळं रॉकेट हवेत फुटलं आणि खालच्या काँक्रीटच्या चौथऱ्यात मोठा खड्डा पडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये टप्पे सुटले, पण लगेच बूस्टरचा स्फोट झाला. मार्च २०२४ मध्ये बूस्टर जवळजवळ समुद्रापर्यंत आला आणि पाण्यापासून अर्ध्या किलोमीटरहूनही कमी उंचीवर नष्ट झाला. जूनमध्ये तो पाण्यावर अलगद टेकला. मग ऑक्टोबर. काका म्हणाले, “म्हणजे चार नग सेटिंगला गेले. पाचवा लागला.” त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आश्चर्य अजिबात नव्हतं.

सेटिंग म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दाखवलं. खाली त्यांच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, मायक्रोमीटरच्या डबीशेजारी, जुन्या फडक्यात गुंडाळलेलं एक पोलादी बुश, म्हणजे नळीसारखा सुटा भाग, आहे. बोटभर लांब, आतून आरशासारखं गुळगुळीत. त्याच्या कडेला लाल ऑइलपेंटचा ठिपका. नवीन जॉब लागला की मशीनवर पहिले दोन-तीन नग सेटिंगला जातात, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असतं. टूल किती झिजतंय, चकमध्ये, म्हणजे पकडीत, जॉब किती हलतोय, धातू तापल्यावर किती फुगतोय, हे कागदावरून कळत नाही, कापूनच कळतं. ह्या बुशात शेवटच्या कटला दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश भाग, जास्त कापले गेले. “कापलेलं परत चिकटवता येत नाही,” काका म्हणाले. “पण लाल पेटीत, म्हणजे बाद नगांच्या पेटीत, टाकताना त्यावर चिठ्ठी लावायची, काय चुकलं त्याची. चिठ्ठी नसली की सुपरवायझर खवळायचा. नग गेला म्हणून कधी नाही खवळला.”

ती चिठ्ठी माझ्या डोक्यातून जाईना. कारण बूस्टर उतरवण्याचा सगळा इतिहास म्हणजे लाल पेटीतल्या नगांवरच्या चिठ्ठ्याच आहेत. स्टारशिपच्या आधी फाल्कन ९ च्या वेळी हेच झालं होतं. १० जानेवारी २०१५ ला पहिल्यांदा समुद्रातल्या तराफ्यावर बूस्टर उतरवायचा प्रयत्न झाला. दिशा सांभाळणाऱ्या जाळीदार पंखांचं हायड्रॉलिक तेल संपलं आणि तो तिरका आदळला. एप्रिलमध्ये इंजिनाची एक झडप वेळेवर हलली नाही, तो उतरला आणि आडवा झाला. जूनमध्ये तर रॉकेटच वर जाताना फुटलं. आणि सहा महिन्यांनी, २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री, फ्लोरिडाच्या जमिनीवर फाल्कनचा बूस्टर चार पायांवर उभा राहिला. त्यानंतरही जानेवारी २०१६ मध्ये एका पायाची कडी न बसल्यानं एक कोसळला. फसलेल्या उतरणींची चित्रं एकत्र करून कंपनीनं २०१७ मध्ये स्वतःच जगासमोर ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये फाल्कन ९ च्याच एका बूस्टरनं तिसावं उड्डाण केलं.

इथे एक बारकावा आहे जो कौतुकाच्या भरात सुटून जातो. फाल्कनच्या त्या सेटिंगच्या नगांची किंमत ग्राहकानं आधीच दिलेली होती. उपग्रह किंवा सामान वर पोचवण्याचं काम झालेलं असायचं. एरवी तो बूस्टर समुद्रात बुडायचाच. बुडण्याआधी त्याच्यावर चार गोष्टी करून बघितल्या, एवढंच. काम जवळपास फुकटात झालं, पण अवघड होतं. फाल्कनचा रिकामा बूस्टर इतका हलका असतो की नऊपैकी एकच इंजिन, तेही अगदी मंद केलेलं, त्याला परत वर ढकलेल. म्हणजे हेलिकॉप्टरसारखं तरंगून, बघून, मग खाली टेकायची सोय नाही. वेग शून्य व्हायचा तो बरोबर जमिनीला लागतानाच. आधी झाला तर पुन्हा वर, नंतर झाला तर स्फोट. काकांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “फिनिशिंग कट आहे हा. एकदाच घ्यायचा.”

आता आपल्याकडे वळते. आपली बहुतेक रॉकेटं जमिनीवरून उचलतात ती घन इंधनावर. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा तसाच आणि एलव्हीएम३ च्या दोन्ही बाजूंच्या एस२०० मोटारीही तशाच. दिवाळीतला भुईनळा एकदा पेटला की मध्ये विझवता येत नाही आणि विझला की पुन्हा पेटवता येत नाही. अशा टप्प्याला इंजिनाच्या जोरावर उभं उतरवता येत नाही. म्हणून वेगळं रॉकेट लागतं, आणि ते मंजूर झालं आहे. १८ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं नव्या पिढीच्या प्रक्षेपकाला, एनजीएलव्हीला, ८,२४० कोटी रुपये दिले. पृथ्वीजवळच्या कक्षेत ३० टन नेण्याची क्षमता, पहिला टप्पा पुन्हा वापरण्याजोगा, मुदत ९६ महिने. आणि विकास उड्डाणं किती? तीन.

तीन हा आकडा वाचला तेव्हा मला त्या बुशाची आठवण झाली. तीन उड्डाणांत रॉकेट वर न्यायचं, उपग्रह कक्षेत सोडायचा आणि खालचा टप्पा उतरवायलाही शिकायचं. इस्रोच्या अभियंत्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. आपण, म्हणजे बघणारे, कर भरणारे, त्या तिनांपैकी एकही नग लाल पेटीत जाऊ देऊ का, याची मात्र मला खात्री वाटत नाही.

ही खात्री मला का वाटत नाही, ते माझ्याच उदाहरणावरून सांगते. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ च्या विक्रमशी, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या भागाशी, संपर्क तुटला. त्या दिवशी वर्गात मुलं रडवेली होती आणि मी त्यांना धीर दिला, ते योग्यच होतं. पण नोव्हेंबरमध्ये सरकारनं लोकसभेत लेखी उत्तर दिलं की उतरण्याच्या दुसऱ्या टप्प्यात वेग ठरल्यापेक्षा जास्त कमी झाला आणि विक्रम ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळला. ते उत्तर मी वाचलं आणि वर्गात सांगितलं नाही. मुलं सावरली होती, जखम कशाला उकरायची, असं वाटलं. आज मला त्याची खंत आहे. कारण २०२३ मध्ये तेव्हाचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ यांनी तीच गोष्ट सविस्तर सांगितली: इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त झाला, चुका साठत गेल्या, यानाला फार वेगानं वळावं लागलं आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद होती. म्हणून चांद्रयान-३ साठी ‘काय काय बिघडू शकेल’ यावरून आराखडा केला आणि उतरायची जागा चार किलोमीटर लांब घेतली. त्या वर्षीच्या माझ्या आठवीच्या मुलांना हे पहिल्या फटक्यात कळलं. एकीनं विचारलं, “मग आधी पण मोठी जागा का नाही घेतली?” इतका चांगला प्रश्न मला चार वर्षं आधी मिळू शकला असता.

आपली संस्था, म्हणजे इस्रो, मुळात चिठ्ठी लावणारी आहे. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ हे रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं तेव्हा त्या वेळचे इस्रोप्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले, ही गोष्ट आपण प्रार्थनेच्या तासाला मोठेपणाचा धडा म्हणून सांगतो. त्यात झडप बिघडली होती आणि ते शोधून काढलं गेलं, हा भाग मात्र सांगायचा राहतो. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० अपयशी झालं, तेव्हा हायड्रोजनच्या टाकीची झडप गळाल्यानं दाब पुरेसा वाढला नाही, हा निष्कर्ष इस्रोनं पुढच्या वर्षी जाहीर केला. उत्तम केलं. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात दाब घसरून अपयशी ठरलं, आणि त्यानंतर कित्येक महिने त्याचा विश्लेषण अहवाल लोकांपुढे आला नाही. हा उलटा प्रवास मला काळजीत टाकतो. पीएसएलव्ही हे वर्षानुवर्षं आपलं भरवशाचं मानलं गेलेलं रॉकेट. त्याच्यावर चिठ्ठी लावायला संकोच होत असेल, तर पूर्ण नव्या रॉकेटच्या पहिल्या उतरणीत काय होईल?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. तिकडे कंपनीचा पैसा जळतो, इकडे माझ्या-तुमच्या कराचा जळेल. पण तिकडचाही सगळा पैसा खासगी नाही. चंद्रावर माणूस उतरवायचं यान म्हणून स्टारशिपसाठी नासानं २०२१ मध्ये सरकारी पैशाचं मोठं कंत्राट दिलं आहे. आणि पैसा जनतेचा असेल तर हिशोब जास्त उघडा हवा, कमी नाही. घरात ज्याच्या पगारावर चूल चालते त्यालाच बिघडलेल्या मिक्सरचं बिल दाखवायचं नाही, असं कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट मला आमच्याच गटाला सांगायची आहे. उघडपणे फसणं म्हणजे बेफिकीर फसणं नव्हे. पहिल्या स्टारशिपनं उडवलेली धूळ काही किलोमीटरवरच्या गावात जाऊन पडली. जानेवारी २०२५ मध्ये सातव्या उड्डाणाचं वरचं यान फुटलं आणि कॅरिबियन समुद्रावर विमानांचे मार्ग बदलावे लागले. श्रीहरिकोट्याच्या अंगाला पुलिकत सरोवर आहे, तिथे रोहित उतरतात. ऐरोलीच्या खाडीत उतरतात तसेच. तिथल्या पाण्यावर आणि मच्छीमारांवर चाचण्यांचा काय परिणाम होईल ते आधी मांडलं गेलंच पाहिजे. जळणारं रॉकेट बघून टाळ्या वाजवणारे आम्ही याबद्दल क्वचितच बोलतो.

आणि आमची एक चूक त्याहून मोठी आहे. १७ जानेवारी २०२५ ला तमिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रोनं द्रव इंधनावरचं विकास इंजिन ६० सेकंद चालवलं, १२० सेकंद बंद ठेवलं आणि पुन्हा पेटवून ७ सेकंद चालवलं. विझलेलं इंजिन परत पेटवणं म्हणजे टप्पा परत आणण्याची बाराखडी. याच विकास इंजिनांचं काम ठाण्याहून धीम्या गाडीनं पाचव्या स्टेशनवर, विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात वर्षानुवर्षं होतं आहे. आमच्यातले निम्मे जण रोज तिथून जातात. त्या ७ सेकंदांसाठी आमच्या खोलीत कुणी जमलं नाही. मलाच ती बातमी तीन दिवसांनी कळली. टेक्सासच्या पकडीसाठी नऊ माणसं आणि महेंद्रगिरीच्या सात सेकंदांसाठी शून्य, हा हिशोब काही इस्रोनं केलेला नाही. अर्थात ती चाचणी डोळ्यांनी बघता आली असती तर मी मुलांना शाळेच्या सभागृहात बसवून दाखवली असती, हेही तितकंच खरं.

स्टारशिपच्या त्या पकडीबद्दल काही दिवसांनी आणखी एक गोष्ट बाहेर आली. इलॉन मस्क यांनी टाकलेल्या एका चित्रफितीत मागे अभियंत्यांचं बोलणं ऐकू आलं. एका सेकंदाचा फरक पडला असता तर संगणकानं पकड रद्द करून बूस्टर मनोऱ्याशेजारी जमिनीवर आपटवला असता. म्हणजे आम्ही नाचलो तो पाचवा नगही लाल पेटीच्या काठावर होता. हे कळल्यावर माझा आनंद कमी झाला नाही. उलट ती चित्रफीत मी तेव्हापासून वर्गात आधी ही गोष्ट सांगून मगच लावते, आणि मुलं जास्त डोळे ताणून बघतात.

गेल्या महिन्यात आम्ही आमच्या खासदारांना पत्र लिहिलं आहे. त्यांनी ते संसदेत प्रश्न म्हणून विचारावं अशी विनंती केली आहे. पत्र एका पानाचं आहे, खाली बारा सह्या आहेत, मामांचीही आहे. अपयशी उड्डाणांचे विश्लेषण अहवाल ठरावीक मुदतीत जाहीर होतील का, असं आम्ही विचारलं आहे. एनजीएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या उतरणीचं चित्रण, ती फसली तरी, लोकांना थेट दाखवलं जाईल का, हेही विचारलं आहे. शेवटचा प्रश्न काकांचा. मी तो सरकारी भाषेत बसवायचा प्रयत्न केला, मग तसाच राहू दिला: तीन नगांत सेटिंग आणि फायनल दोन्ही कसं करणार, आणि जास्त नग लागले तर ते द्यायची तयारी आहे का?